लोणारचं विवर ५२ हजार वर्षांचं की पावणेसहा लाख? दगडाचं वय काढतात तरी कसं?

दुपारचा_चहा

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत लोणारला जाऊन आलो, मी, बायको आणि लेक (आठवीत आहे). सकाळी गाईडबरोबर विवरात उतरलो, वरून जे वाटीसारखं गोल दिसतं ते खाली झाडीत गेल्यावर दिसतच नाही, देवळं बघितली, काठाशी गाईडने खिशातून लोहचुंबक काढून मातीत फिरवलं तर काळे बारीक कण केसांसारखे उभे राहून चिकटले, लेक खूश. हे उल्केचं लोखंड असं तो म्हणाला, आणि विवर ५२ हजार वर्षांपूर्वीचं असंही म्हणाला. रात्री रूमवर लेकीने मोबाईलवर शोधलं तर एका ठिकाणी ५२ हजार आणि दुसरीकडे ५ लाख ७० हजार! आता ती म्हणते, बाबा एक आकडा दुसऱ्याच्या अकरापट आहे, मी पेपरात एवढी चुकले असते तर तू जेवायला दिलं असतंस का?

शाळेचा प्रोजेक्ट यावरच करायचा ठरलाय त्यामुळे आता सुटका नाही. दगडाचं वय मुळात काढतात कसं आणि एवढा फरक कसा पडतो हे कुणी सोपं करून सांगेल का?

मी_फक्त_वाचतो

चटई टाकून बसलोय. या जाणकारांनो.

शंकासुर

कार्बन डेटिंग करून टाकायचं की. एवढं काय त्यात.

बेसाल्टबुवा

चहासाहेब, प्रश्न झकास काढलात. भूशास्त्रात एमेस्सी करून मला तीस वर्षं झाली आणि पोट बोअरवेलचे पॉइंट दाखवून भरतो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी ते लोहचुंबकाचं. ते कण उल्केचे नव्हेत, निदान बहुतेक तरी नव्हेत. आपल्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइट नावाचं खनिज मुळातच असतं, दगड झिजला की ते सुटं होऊन मातीत येतं. तुमच्या गावच्या ओढ्यातल्या वाळूत चुंबक फिरवून बघा, अस्सेच चिकटतील. गाईडला सांगायला जाऊ नका, पण प्रोजेक्टमध्येही लिहू नका.

शंकासुर, कार्बन-१४ निम्मा व्हायला ५७३० वर्षं लागतात, साधारण ५० हजारांच्या पुढे मोजण्याइतकं काही शिल्लकच राहत नाही. आणि ते चालतं फक्त जे कधीकाळी जिवंत होतं त्याला, लाकूड, हाड, शिंपला. लोणारच्या गाळातल्या पालापाचोळ्याला लावा, चालेल. दगडाला नाही.

आता मुख्य मुद्दा. लोणारचं वय म्हणजे कशाचं वय ते आधी सांगा. तुम्ही ज्या दगडावर उभे होतात तो साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. जो धोंडा वरून आला तो स्वतः, बाकीच्या उल्कांसारखाच, ४५० कोटींच्या घरातला असणार. आणि तो येऊन आदळला कधी, ही तिसरीच तारीख. यातलं प्रत्येक वय खरं आहे, प्रत्येकाचं घड्याळ वेगळ्या प्रसंगाला शून्यावर आलंय एवढंच. त्यामुळे कुणी दगडाचं वय सांगितलं की मी आधी विचारतो, कशापासून मोजलं?

५२ हजार हा आकडा १९९७ चा, अधिक उणे ६ हजार, थर्मोल्युमिनेसन्स नावाच्या पद्धतीने काढलेला. खनिजाच्या स्फटिकात बारीक खोट असते, आजूबाजूच्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे इलेक्ट्रॉन त्या खोटीत अडकत जातात, वर्षानुवर्षं साठतात. प्रयोगशाळेत तापवलं की ते सुटतात आणि प्रकाश देतात. प्रकाश जास्त म्हणजे साठा जास्त म्हणजे वय जास्त. आघाताच्या उष्णतेने साठा रिकामा झाला, तिथून मोजणी सुरू. पण ज्वालामुखीच्या दगडातल्या फेल्डस्पार नावाच्या खनिजात हे इलेक्ट्रॉन आपोआप गळतातही, आणि गळती धरली नाही तर वय कमी भरतं.

५ लाख ७० हजार, अधिक उणे ४७ हजार, हा २०११ चा आकडा, आरगॉनवाला. तो उद्या लिहितो, आत्ता साईटवर निघालोय.

अटकमटक

अवांतर : २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं होतं ते उल्केमुळेच ना?

बेसाल्टबुवा

नाही हो. खाऱ्या पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं होतं. धाग्याचं काश्मीर करू नका, विषय भरकटेल.

शंकासुर

बुवा तुमचा मान ठेवून विचारतो. नेटवर लिहिलंय युरेनियमचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं. हे कुणी बसून मोजलं? माणूस जगतो ऐंशी वर्षं, किरणोत्सार सापडून सव्वाशे वर्षं झाली, आणि आकडा कोटींमध्ये, तोही दशांशासकट. मला हे पटतच नाही.

शिसपेन्सिल

शंकासुर, रास्त शंका आहे, मलाही कॉलेजात हीच आली होती. (मी रसायनवाली, शिकवते.)

एक ग्रॅम शुद्ध युरेनियम-२३८ घेतलं तर त्यात दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात, आणि हे मोजणारं यंत्र अगदी साधं असतं. एका ग्रॅममध्ये एकूण अणू किती ते आपल्याला माहीत आहे, अडीचवर एकवीस शून्यं. म्हणजे डब्यात किती आहेत ते माहीत, सेकंदाला किती जातात ते माहीत, मग निम्मे व्हायला किती वेळ लागेल हा नुसता हिशोब. त्यासाठी बसून राहावं लागत नाही. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरेल हे तो संपायच्या आधी सांगताच ना तुम्ही.

आता तुम्ही म्हणाल की हा वेग पूर्वी वेगळा नसेल कशावरून. तर १९८७ साली आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत एक तारा फुटलेला दिसला, तो प्रकाश दीडेक लाख वर्षांपेक्षा जास्त प्रवास करून आला होता, आणि तो मावळत गेला तो बरोबर स्फोटात तयार झालेला किरणोत्सारी कोबाल्ट-५६ ज्या वेगाने फुटतो त्या वेगाने, ७७ दिवसांत निम्मा. तेव्हा तिथेही हाच वेग होता. आफ्रिकेत गॅबॉनमध्ये ओक्लोला जवळजवळ २०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या खाणीत आपोआप अणुभट्टी पेटली होती, तिथला उरलेला गाळसाळ तपासला तरी हेच.

शंकासुर

सिलिंडर पटला. ओक्लो वाचतो.

दुपारचा_चहा

शिसपेन्सिलताई धन्यवाद. पण मग पृथ्वीचं वय ४५४ कोटी म्हणतात ते कुठल्या दगडावरून? तेवढा जुना दगड सापडलाय का?

शिसपेन्सिल

नाही सापडला, आणि यातच तर गंमत आहे! पृथ्वी आपले जुने दगड ठेवतच नाही, झिजवते, गाडते, पुन्हा वितळवते. कॅनडातला अकास्टा नावाचा खडक सुमारे ४०३ कोटींचा. ऑस्ट्रेलियात जॅक हिल्सला झिरकॉन नावाच्या खनिजाचा एक कण सापडला तो ४४० कोटींचा, पण तो कण आहे, वाळूच्या दाण्याएवढा, ज्या खडकात जन्मला तो खडक केव्हाच गेला. झिरकॉन म्हणजे या धंद्यातलं सोनं आहे, बनताना युरेनियम पोटात घेतो पण शिशाला आत येऊ देत नाही, म्हणजे आज आत जे शिसं दिसतं ते सगळं तिथेच युरेनियम फुटून झालेलं. वर युरेनियम दोन प्रकारचं, दोघांचा वेग वेगळा, दोन्हीतून निघणारं शिसंही वेगळं, म्हणजे एकाच दाण्यात दोन घड्याळं, एकमेकांवर लक्ष ठेवून.

मग पृथ्वीची जन्मतारीख? ती काढली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९५६ साली छापली, ४५५ कोटी अधिक उणे ७ कोटी, आणि दगड वापरला तो आकाशातून पडलेला. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये उल्केने पाडलेला मोठा खड्डा आहे ना, त्याच्या आसपास मिळणाऱ्या लोखंडी उल्केत ट्रॉइलाइट म्हणून लोखंड-गंधकाचं खनिज असतं. त्यात शिसं आहे पण युरेनियम जवळजवळ नाहीच. म्हणजे सूर्यमाला बनली तेव्हा शिशाच्या प्रकारांचं जे प्रमाण होतं ते तिथे जसंच्या तसं डबाबंद राहिलंय, त्यात नंतर भर पडली नाही. हा आरंभीचा शिल्लक जमेचा आकडा. त्याच्या शेजारी दगडी उल्का ठेवल्या, ज्यात युरेनियम होतं आणि शिसं वाढत गेलं, सगळे आकडे आलेखावर मांडले, ते एका सरळ रेषेत बसले आणि रेषेच्या चढावरून वय निघालं. मग समुद्राच्या तळाच्या गाळातलं, म्हणजे पृथ्वीचं सरासरी शिसं, त्याच रेषेवर येऊन बसलं. पृथ्वी आणि उल्का एकाच घरच्या.

पण या माणसाची खरी कथा वेगळीच. त्याची मापं सुरुवातीला वेड्यासारखी यायची, नमुन्यात असायला हवं त्याच्या कितीतरी पट शिसं. कुठून येतंय? तर हवेतून, नळातून, भिंतीच्या रंगातून, माणसाच्या केसांतून. वर्षानुवर्षं तो नुसती साफसफाई करत होता, फरशी पुसणं, भांडी ॲसिडमध्ये उकळणं, हवा गाळून आत घेणं. अतिस्वच्छ प्रयोगशाळा म्हणतात तशी पहिल्या काहींपैकी एक त्याने कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठात उभी केली. शेवटचं माप १९५३ मध्ये मिळालं तेव्हा इतका उत्तेजित झाला की आईच्या घरी जाऊन म्हणाला मला दवाखान्यात ने, हार्ट ॲटॅक आलाय, असं सांगतात.

आणि मग त्याला प्रश्न पडला की हवेत एवढं शिसं आलं कुठून. पेट्रोलमधून! पुढची कित्येक वर्षं तो त्या कंपन्यांशी भांडत राहिला. आपल्याकडे पंपावर अनलेडेडची वेगळी पाटी आठवते का कुणाला, १९९५ ला चार महानगरांत आलं आणि २००० पासून देशभर शिसंवालं पेट्रोल बंद. उल्केचं वय काढता काढता हे निघालं.

मी_फक्त_वाचतो

अनलेडेडचा आणि उल्केचा संबंध असेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मारुतीत बाबा तेच भरायचे, का ते कुणालाच माहीत नव्हतं. वाखु (वाचनखूण) साठवली आहे.

बेसाल्टबुवा

आलो. शिसपेन्सिलताईंनी मैफल लुटली, आता आमचं आरगॉन ऐका.

पोटॅशियम बहुतेक दगडांत असतं, त्यातला अगदी थोडा भाग पोटॅशियम-४०, त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. फुटणाऱ्या अणूंपैकी नव्वदेक टक्के कॅल्शियम होतात आणि उरलेले आरगॉन वायू. दगड वितळलेला असला की वायू उडून जातो, थिजला की स्फटिकात कोंडला जातो. सोडा वॉटरसारखं, झाकण उघडं होतं तोवर सगळं गेलं, झाकण लागलं तिथून मोजायला सुरुवात. माप घेताना नमुना आधी अणुभट्टीत ठेवतात, म्हणजे त्यातल्या साध्या पोटॅशियमचा काही भागही आरगॉनच होतो, पण ३९ वजनाचा, आणि मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवत एकाच वायूत दोन्ही मोजता येतात. दर टप्प्याला तेच वय आलं तर विश्वास ठेवायचा. आकडे वर खाली नाचले तर समजायचं दगडाने मधे काहीतरी भोगलंय.

लोणारला अडचण काय तर लक्ष देऊन बघा. मूळ दगड ६.६ कोटींचा. आघाताने वितळला तेव्हा त्यातला जुना आरगॉन पूर्ण जायला हवा. समजा ९९ टक्के गेला आणि १ टक्का अडकून राहिला. ६.६ कोटींचा १ टक्का म्हणजे ६ लाख ६० हजार! म्हणजे काल झालेलं विवरही साडेसहा लाखांचं दिसेल. म्हणून तर लोक या आकड्याकडे संशयाने बघत होते. २०११ वाल्यांनी तेच तपासलं, वितळलेल्या दगडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर, आलेखात जुना अडकलेला वायू वेगळा काढता येतो तो काढून. त्यांचं म्हणणं असं की बेसाल्टचा रस पातळ असतो, ग्रॅनाइटसारखा चिकट नसतो, त्यामुळे वायू जवळजवळ सगळा निसटतो. आणि हे फक्त लोणारपुरतं नाही बरं का, चंद्र, मंगळ, काही मोठे लघुग्रह, तिथली मार खाणारी बरीच जमीन बेसाल्टसारखीच, आणि पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेली विवरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लोणारला घड्याळ नीट शून्यावर येतं हे कळलं की चंद्रावरच्या आघातांच्या तारखांवरही भरवसा बसतो.

माझं मत विचाराल तर किरणोत्सारी घड्याळ म्हणून ५ लाख ७० हजारच्या बाजूने झुकतो. पण तिथे उभं राहिलं की मन खातं हेही खरं. कडा अजून किती ताजा आहे, बाहेर फेकलेला मलबा अजून जागेवर, आणि आपला पाऊस बघता सहा लाख वर्षांत एवढं टिकतं का? लेकीला सांगा दोन्ही आकडे लिही आणि कुठला कसा काढला तेही लिही.

घाटमाथ्यावरची

बुवा, ६.६ कोटींचा उल्लेख केलात म्हणून. महाबळेश्वरच्या घाटात रस्ता कापलेला दिसतो तिथे काळ्या थरांच्या मधून एक तांबडा पट्टा जातो, आम्ही लहानपणी त्याला विटांचा थर म्हणायचो. दोन लाव्हांच्या मधे जो वेळ गेला त्यात वरची माती झाली ती भाजून लाल. तर त्या लाल पट्ट्यातच झिरकॉन सापडतात म्हणे?

बेसाल्टबुवा

हो, कुठूनतरी उडत आलेल्या राखेबरोबर ते तिथे पडलेले. बेसाल्टमध्ये स्वतःचे झिरकॉन सहसा नसतात म्हणून ते लाल पट्टे एवढे मोलाचे. २०१९ मध्ये एकाच अंकात दोन पेपर आले, प्रिन्स्टनवाल्यांचा झिरकॉनवर आणि बर्कलीवाल्यांचा आरगॉनवर, दोघांनी आपल्याच सह्याद्रीतले दगड नेलेले. सगळा उद्रेक दहा लाख वर्षांच्या आत उरकला यावर जवळपास एकमत. पण डायनोसॉर गेले त्याच्या आधी जास्त लाव्हा आला की नंतर, यावर भांडण. एकाला मोठा झटका आधी दिसतो, दुसऱ्याला बराचसा लाव्हा नंतर. ६.६ कोटींमध्ये काही हजार वर्षांवरून वाद, आणि आमचे गिऱ्हाईक विचारतात पाणी २०० फुटांवर की २२०.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे काटोलला २२ मे २०१२ ला उल्का पडली होती, आठवते का कोणाला? मोठा आवाज झाला, आमच्या इथे बॉम्बच फुटला असं वाटलं. नंतर तुकडे गोळा करायला किती लोक फिरत होते रे भाऊ. त्याचं वय काय निघालं?

शिसपेन्सिल

काटोलचा नेमका आकडा माझ्याकडे नाही त्यामुळे उगाच सांगत नाही, पण ती ज्या जातीची आहे (एल-६) त्या जातीबद्दल सांगते. या जातीच्या उल्का बनल्या सूर्यमालेच्या सुरुवातीला, पण बऱ्याच जणींचं आरगॉनचं घड्याळ थांबतं ४७ कोटींपाशी. म्हणजे तेव्हा त्यांच्या मूळ लघुग्रहाला जबर टक्कर बसून तो फुटला, सगळं तापलं आणि घड्याळं परत शून्यावर. पुरावा कुठे मिळावा? स्वीडनमधल्या चुनखडीच्या खाणीत, ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळात अडकलेल्या उल्का मिळाल्या, ढिगाने, याच जातीच्या. फुटलेल्या लघुग्रहाचा चुरा लगेच इथे यायला लागला होता. आणि अजून येतोच आहे!

नागपुरी_संत्रं

बाप रे. आणि आम्ही शेजाऱ्याकडे कपाटावर ठेवलेला बघून आलो, मुठीएवढा, वरून काळा नि तुटलेल्या जागी राखाडी. नंतर सरकारी लोकांना दिला त्याने.

दुपारचा_चहा

काळा दगड म्हणजे उल्काच असं असतं का? लेकीने एक आणलाय तिथून, भोकाभोकाचा आहे.

बेसाल्टबुवा

भोकं आहेत ना, मग तो आपला बेसाल्टच. लाव्हातल्या वायूचे बुडबुडे. नाहीतर लोखंडाच्या भट्टीतली मळी. उल्केवर पातळ काळी साय असते, जळल्यासारखी, आणि भोकं सहसा नसतात. व्हॉट्सॲपवर जे लाखाला उल्का विकतात त्यातली बरीचशी मळीच. आणि तिथून काही उचलून आणू नये हो, संरक्षित जागा आहे.

अटकमटक

मंगळाचा दगड पृथ्वीवर आहे म्हणतात तो कोणी आणला? यान तर अजून घेऊन आलं नाही.

शिसपेन्सिल

आपोआप आला, आणि त्या जातीचं नाव भारतीय आहे! बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटीला २५ ऑगस्ट १८६५ ला पडला, पाचेक किलोचा, त्यावरून त्या जातीला शेरगोटाइट म्हणतात. बाकी उल्का ४५० कोटींच्या आणि यातले स्फटिक निघाले साधारण १७ कोटींचे. लघुग्रह एवढासा, तो तर केव्हाच थंड झालेला, १७ कोटींपूर्वी त्यावर लाव्हा कुठून येणार? म्हणजे हा दगड मोठ्या, आतून अजून गरम असलेल्या ग्रहावरचा. नुसत्या वयावरून मंगळावर संशय गेला. मग अशाच एका अंटार्क्टिकातल्या उल्केच्या काचेत कोंडलेला वायू १९८३ मध्ये मोजला, तो वायकिंग यानांनी मंगळावर मोजलेल्या हवेशी जुळला.

नासाच्या क्युरिओसिटी गाडीने तर मंगळावरच वय काढलं, २०१३ मध्ये, गाडीतल्या भट्टीत दगडाची भुकटी तापवून. एकाच दगडाची दोन वयं : ज्या खडकांचा चुरा होऊन तो चिखल साचला ते सुमारे ४२० कोटींचे, आणि वरचा थर झिजून तो उघड्यावर आला त्याला मात्र जेमतेम आठेक कोटी वर्षं. बुवांचं ते कशापासून मोजलं, ते इथे अगदी लागू पडतं.

घाटमाथ्यावरची

चंद्राचं?

बेसाल्टबुवा

चंद्रावरून दगड आणलेल्या जागा थोड्या, बाकी सगळीकडे खड्डे मोजतात. जितके खड्डे जास्त तितकी जमीन जुनी, आणि अपोलोच्या दगडांवरून किती खड्डे म्हणजे किती वर्षं हा भाव ठरला. तोच भाव थोडाफार बदलून मंगळाला, बुधाला लावतात. घोळ असा की अपोलोचे दगड बहुतेक ३०० कोटींहून जुने, नवीन बाजूला आधारच नव्हता. २०२० च्या डिसेंबरमध्ये चिनी चांग-ई ५ ने आणलेले निघाले सुमारे २०० कोटींचे, तो खुंटा आता मिळाला. आणखी एक. अपोलोच्या नमुन्यांत ३९० कोटींच्या आसपासचे आघात फार दिसले म्हणून तेव्हा उल्कांचा महापूर आला होता असं अनेक वर्षं शिकवलं, मीही परीक्षेत तेच लिहून पास झालोय, आता बरेच जण म्हणतात की ते दगड बहुतेक एकाच मोठ्या खड्ड्याचा उडालेला मलबा असेल, सगळीकडून एकाच कंपनीची मुलाखत घेतल्यासारखं झालं. चांद्रयान-४ दक्षिणेकडचे नमुने घेऊन आलं तर बघायचं.

दुपारचा_चहा

लेकीचा प्रोजेक्ट झाला. तक्ता तिने स्वतः केला : दगड ६.६ कोटी, आघात ५२ हजार किंवा ५ लाख ७० हजार, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येकापुढे लिहिलं 'घड्याळ कधी शून्य झालं'. भोकाचा दगड तळ्यावर परत नेऊन ठेवणार म्हणते, पुन्हा लोणार करावं लागणार असं दिसतंय. बुवा, शिसपेन्सिलताई, मनापासून आभार.

शंकासुर

ओक्लो वाचलं. ठीक आहे. पण थर्मोल्युमिनेसन्समधली गळती किती हे कसं कळतं ते बुवांनी सांगितलेलं नाही.

मी_फक्त_वाचतो

लोणारला मुक्कामाला कुठे राहिलात? आणि विवरात उतरायला आईवडिलांना जमेल का?

दुपारचा_चहा

एमटीडीसीच्या रिसॉर्टवर. उतरायला जमेल, चढताना दम लागतो, पाणी भरपूर घ्या आणि सकाळी सातला निघा.